कास्टिंगचा कार्बन: हिशेब गिऱ्हाइकाला हवा, खर्च कुणाच्या माथी?

उद्यमबागकर (धागाकर्ता)
मोठ्या गिऱ्हाइकांच्या एक्सेल शीटा आता बेळगावातल्या उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या छोट्या फाउंड्र्यांपर्यंत पोचल्यात. कॉलम एकच: किलो कास्टिंगमागं कार्बन किती? कारण उघड आहे. सेबीनं आघाडीच्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण-समाजाबद्दलचा अहवाल, सक्तीचा केला. युरोपचा सीबॅम (आयात मालावरचा कार्बनचा आकार) १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसता माहिती मागत होता, तो १ जानेवारी २०२६ पासून पैशांवर आलाय.

प्रश्न दोन. आपल्या भट्टीपुरतं खरंच काय कमी करता येतं? आणि ते आपल्या खिशातून करायचं, की ज्याला शीट भरून हवी त्यानं हात ढिला सोडायचा?

"खासगी उद्योगांनी पुढाकार घ्यावा" ही भाषणं चेंबरच्या हॉलमध्ये होतात, इथं नकोत. आकडे घेऊन या. माझं मत आधीच सांगतो: पहिला रुपया भट्टीच्या वेगळ्या मीटरवर, सोलार नंतर.

चार्जमन_अनगोळ
मीटरला अनुमोदन. एक टन कास्ट आयर्न १५०० अंशांपर्यंत न्यायला शास्त्राप्रमाणं ४०० युनिटांच्या आतच लागतात. विजेच्या इंडक्शनवर चांगली चाललेली भट्टी ५५० ते ६०० घेते. ६५०-७०० च्या वर गेली की दोष भट्टीचा कमी आणि शिफ्टचा जास्त असतोय. बघा कुठं जातात युनिट:

धातू तयार, पण मोल्ड तयार नाहीत. मग भट्टी होल्डवर. झाकण उघडं असेल तर ५०० किलोच्या क्रुसिबलच्या तोंडातून वीस किलोवॅटच्या घरात उष्णता नुसती वर जाते. स्पेक्ट्रोच्या (धातूच्या तपासणीच्या) रिपोर्टची वाट बघताना झाकण लावायचं कष्ट कोण घेत नाही, कारण झाकण हातानं उचलायचं असतं आणि ते तापलेलं असतं. साधी काउंटरवेटची दांडी लावली तरी माणूस झाकण वापरतो.

लॅडल (धातू ओतायचं भांडं) थंड असली की टॅपिंग, म्हणजे भट्टीतून धातू काढणं, ५०-६० अंश जास्त घ्यावं लागतं. दर १०० अंशांच्या जादा तापमानाला टनामागं २५ युनिट धरा. लॅडल गॅसच्या बर्नरवर लाल करून घेतली तर तेवढं टॅपिंग खाली आणता येतं, शिवाय लायनिंगही (आतलं अस्तर) जास्त हीट, म्हणजे जास्त घाणे, टिकतं.

रनर-रायझर (मोल्डमध्ये धातू पोचवणारे, नंतर कापून काढायचे भाग) शॉट ब्लास्टिंग न करता परत टाकतात. त्यावरची चिकटलेली वाळू आपण वीज देऊन वितळवतो, आणि स्लॅग म्हणून पुन्हा मजुरी देऊन काढतो.

आणि लायनिंग. रॅमिंग जाड झालं की कॉइल आणि धातूत अंतर वाढतं, पॉवर पूर्ण ओढत नाही, हीट लांबते. पातळ झालं की पॉवर झकास ओढते पण कॉइलच्या पाण्यातून उष्णता पळते आणि गळतीची भीती. फॉर्मर (लायनिंग ठोकायचा आतला साचा) मधोमध बसलाय का हे बघायला काय खर्च आहे?

गुळाची_ढेप
शीट भरायला वेगळा पोरगा ठेवावा लागतोय. त्याच्या स्कूटरचा धूर कुठल्या कॉलममध्ये टाकायचा?

उद्यमबागकर
गुळाची_ढेप, स्कोप तीन, म्हणजे आपल्या भट्टी-विजेबाहेरचं अप्रत्यक्ष उत्सर्जन. पेट्रोलची पावती जोडा.

हिशेबनीस
चार्जमनसाहेबांचं सगळं मान्य, पण सगळे जण वितळलेल्या टनामागं युनिट मोजतात. गिऱ्हाईक वितळलेलं लोखंड नेत नाही, चांगलं कास्टिंग नेतो. भागायचं विकलेल्या टनानं.

समजा ६०० युनिट प्रति टन धातू. यील्ड (वितळलेल्या धातूतला कास्टिंग होणारा भाग) ६० टक्के, रिजेक्शन ८ टक्के. ०.६० गुणिले ०.९२ म्हणजे ०.५५२. ६०० ला त्यानं भागा: विकलेल्या टनामागं १०८७ युनिट. आता भट्टीला हात न लावता यील्ड ६८ आणि रिजेक्शन ४ वर आणा. ९१९ युनिट. १६८ युनिटांचा फरक, विजेच्या ०.७ किलो प्रति युनिट गुणकानं जवळपास ११८ किलो कार्बन डायऑक्साइड.

हे कुठून येतं? रायझरचा आकार अंदाजानं न ठेवता सिम्युलेशन करून, रायझर गरम ठेवणारी एक्झोथर्मिक स्लीव्ह लावून, एका बॉक्समध्ये दोनाऐवजी तीन पीस बसवून. रिजेक्शन मुख्यतः वाळूत: ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी, बारीक धूळ. वाळूची टेस्ट दर तासाला न करता सकाळी एकदाच करणारी फाउंड्री सोलार लावतेय म्हणाली तर मला हसू येतं.

हिरवा_कंदील
एवढा काथ्याकूट कशाला? कोक (दगडी कोळशापासूनचा) जाळणाऱ्या कुपोला भट्ट्या बंद करा, सगळ्यांना इंडक्शन द्या. अर्धा प्रश्न तिथंच संपला.

शेगडी
संपत नाही ओ. हिशेब मांडून बघा.

साधा कुपोला, धातूच्या १३.५ टक्के कोक. टनाला १३५ किलो. कोकमध्ये ८५ टक्के कार्बन धरला तर किलोमागं ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ४२० किलोच्या आसपास. चुनखडीचे वर १५. एकूण ४३५.

इंडक्शन, ६०० युनिट. केंद्रीय वीज प्राधिकरण ग्रिडचा गुणक दर वर्षी काढतं, तो ०.७ च्या आसपास असतो. ४२० किलो.

झालं काय? धूर आपल्या चिमणीतून रायचूरच्या वीज केंद्राच्या चिमणीत गेला. ग्रिडवरची इंडक्शन आणि जुना कुपोला हवामानाच्या हिशेबात जवळजवळ सारखे.

मधली वाट डिव्हायडेड ब्लास्ट कुपोला (डीबीसी). टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी हावड्यात तो छोट्या फाउंड्रीसाठी उभा करून दाखवला. ट्वीअरच्या (हवा आत सोडणाऱ्या तोंडांच्या) दोन रांगा, मध्ये पाऊण ते एक मीटर अंतर. खालच्या रांगेवर तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोकमधून वर जाताना कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि साध्या कुपोल्यात ती उष्णता चिमणीतून फुकट जाते. वरच्या रांगेतली हवा तो वायू तिथंच जाळते. कोक साडेनऊ टक्क्यांवर येतो, धातूही जास्त गरम मिळतो. ९५ किलो कोक, चुनखडी धरून ३१० किलो.

बिघडतं कुठं: एकाच विंड बेल्टमधून (भट्टीभोवतीच्या हवेच्या पेटीतून) दोन्ही रांगांना हवा देतात, मग वाटणी हातात राहत नाही. दोन बेल्ट, दोन व्हॉल्व्ह, दोन मॅनोमीटर पाहिजेत. ब्लोअर जुनाच ठेवतात. कोक मुठीएवढा हवा तिथं चुरा पडतो. आणि वजनकाटा! चार्ज (भट्टीत जाणारा माल) पाट्या मोजून टाकणाऱ्याला डीबीसीचा काही फायदा दिसणार नाही.

हिरवा_कंदील
शेगडी, गुणक आजचा आहे. ग्रिडमध्ये सोलार-वारा वाढतोय तसा तो खाली येणार. सौंदत्तीच्या डोंगरावर पवनचक्क्या काय शोभेला आहेत? आज घेतलेली भट्टी वीस वर्षं चालते, कोकचा ३.१ मात्र कायम ३.१ च राहणार.

मेटलर्जी_मॅडम
हिरवा_कंदील यांचा हा मुद्दा बरोबर आहे, आणि दुसराही एक आहे. कुपोल्याच्या धातूत गंधक ०.०८ ते ०.१२ टक्के येतं. एसजी आयर्नला (गोल ग्राफाइटच्या चिवट लोखंडाला) ते ०.०२ च्या खाली लागतं. ट्रॅक्टर आणि गाड्यांची एसजीची कामं घ्यायची तर इंडक्शनला पर्याय नाही. डीबीसी साध्या ग्रे आयर्नवाल्यांसाठी. कार्बनवर भट्टी ठरत नसते, ऑर्डरवर ठरते.

कोल्हापुरी_मोल्डर
शिरोलीतनं राम राम. सगळे भट्टीवर बसलाय, चार्जमध्ये काय टाकता ते कुणी बोलंना.

सीबॅम नीट वाचा. लोखंड-पोलादासाठी सध्या फक्त थेट उत्सर्जन धरतात, विजेचं धरत नाहीत. म्हणजे शेगडींच्या हिशेबातले इंडक्शनचे ४२० किलो तिथं शून्य, आणि कुपोल्याचे सगळे मोजले जाणार. भंगारही शून्य. पण पिग आयर्न (खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड) आला की त्याच्या ब्लास्ट फर्नेसचा कार्बन तुमच्या अंगावर. टनाला दीड ते दोन टन. चार्जमध्ये ३० टक्के पिग म्हणजे ४५० ते ६०० किलो, वितळवण्यापेक्षा जास्त!

आणि घाबरून जायच्या आधी मालाचा कस्टम कोड बघा. यादीत ७३०७ म्हणजे पाईप फिटिंग आहे, ७३१८ म्हणजे नट-बोल्ट आहे. पंपाची बॉडी, व्हॉल्व्ह वगैरे ८४ व्या प्रकरणात जाणारा माल मूळ यादीत नाही. शिवाय युरोपातला आयातदार वर्षाला एकूण ५० टनांच्या आत असेल तर त्याला सूट आहे. निम्म्या लोकांना शीट भरायची गरज नसताना एजंट पैसे उकळायलेत.

गुळाची_ढेप
कोल्हापूरकरांनी बेळगावच्या धाग्यावर येऊन उपयोगाचं सांगितलं, ही तारीख लिहून ठेवा.

कोल्हापुरी_मोल्डर
तांबडा रस्सा पाजून सांगितलं असतं, लांब पडलासा.

मेटलर्जी_मॅडम
पिग कमी करायचा तर नुसता काढून चालत नाही. ३० टक्के पिग काढून सीआरसीए (पोलादी पत्र्याचा) स्क्रॅप टाकला तर धातूतला कार्बन सुमारे १.२ टक्क्यानं पडतो. टनाला १२ किलो कार्बन परत घालायचा. कार्बुरायझर (कार्बन वाढवणारी पूड) ९८ टक्के शुद्ध आणि रिकव्हरी ९० टक्के धरली तर १४ किलो.

तो कधी टाकता यावर सगळं आहे. तळाला थोडा उरलेला धातू आणि स्क्रॅपच्या पहिल्या थरासोबत टाका, ढवळून विरघळतो. शेवटी स्लॅगवर फेकला तर निम्मा जळतो आणि मग "रिकव्हरीच येत नाही" अशी ओरड होते. स्वस्त सीपीसीत (पेट्रोलियम कोकमध्ये) गंधक जास्त, एसजीमध्ये मॅग्नेशियम खातं. नायट्रोजन जास्त असेल तर जाड सेक्शनमध्ये फिशर आणि पिनहोल निघतात आणि दोष वाळूवर ढकलला जातो. ग्राफिटाइज्ड माल महाग, पण एसजीला तोच घ्यावा.

दुसरं, पिगसोबत न्यूक्लियस (ग्राफाइट ज्यावर धरतो ती बीजं) येतात. स्टीलच्या चार्जला ते नसतात, त्यामुळं पातळ कडा चिल (पांढऱ्या, कडक) होतात, मशीनवर टूल मोडतं. इनॉक्युलेशन (अशी बीजं घालणं) वाढवा आणि धातूच्या धारेत द्या. इनॉक्युलेट करून दहा-बारा मिनिटं लॅडल फिरवत बसलात तर परिणाम विरून जातो.

सिलिकॉनही पडतो, टनाला सात-आठ किलो फेरोसिलिकॉन जादा लागेल. ते बनवायला टनाला ८ ते ९ हजार युनिट जातात. म्हणजे तुमच्या टनावर साठ-सत्तर युनिट तिथून चढले. तरीही पिगच्या तुलनेत फायदाच, पण हिशेब पूर्ण सांगायचा.

शेगडी
मॅडम, भंगार शून्य ही युरोपची सोय झाली. देशात भंगार मोजकंच. मी जास्त उचललं की दुसरा कोणीतरी पिग उचलणार. माझी शीट स्वच्छ, हवा तिथंच.

सोलार_फिटर
सोलारला सगळ्यांनी बाजूला टाकलंय म्हणून लिहितो. सोलार नको म्हणणार नाही, पण अपेक्षा नीट ठेवा. एक किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर छप्पर, वर्षाला १४०० ते १५०० युनिट. १०० किलोवॅट म्हणजे १००० चौरस मीटर आणि वर्षाला दीड लाखाच्या आत युनिट. महिन्याला २०० टन वितळवणाऱ्या फाउंड्रीला नुसत्या भट्टीला वर्षाला १४ लाख ४० हजार युनिट लागतात. छप्पर भरून १० टक्के. आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर पॅनेल आभाळाकडं बघत बसतात.

फाउंड्रीच्या छपराच्या अडचणी वेगळ्या. जुन्या सिमेंट पत्र्यावर सांगाडा बसवू नका, जे-बोल्टची भोकं पावसाळ्यात गळतात आणि पत्रा माणसाचं वजनही पेलत नाही. पर्लिनला थेट धरलेला सांगाडा हवा, पॅनेल धरून चौरस मीटरला १५ किलो भार तपासून घ्या. फेटलिंगची लोखंडी धूळ पॅनेलवर बसून दवानं गंजते, तांबडा थर धरतो, तो पावसानं जात नाही. पंधरवड्याला धुवा, पण बोअरच्या जड पाण्यानं नको, क्षार बसतो.

इन्व्हर्टर वारंवार ट्रिप होत असेल तर आधी भट्टीचे हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) मोजा. सहा-पल्सच्या पॉवर पॅकमधून पाचवा आणि सातवा हार्मोनिक भरपूर येतो. कपॅसिटर फुगण्याचं कारणही बहुतेक तेच. बारा-पल्स किंवा डिट्यून्ड रिअॅक्टर.

छप्पर पुरत नसेल तर ओपन ॲक्सेस, म्हणजे बाहेरच्या उत्पादकाकडून थेट वीज. २०२२ च्या ग्रीन ओपन ॲक्सेस नियमांनी किमान लोडची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आली. ग्रुप कॅप्टिव्हमध्ये (अनेकांच्या मालकीच्या वीज प्रकल्पात) गेलात तर वापरणाऱ्यांचा मिळून २६ टक्के भागभांडवल आणि ५१ टक्के विजेचा वापर, ही अट दर वर्षी पाळावी लागते. चार फाउंड्र्यांनी मिळून घेतलं आणि एकाचं काम बंद पडलं तर वापराचं प्रमाण कोलमडतं, सगळ्यांवर क्रॉस-सबसिडी अधिभार बसतो. करारात आधीच लिहून घ्या की गळालेल्याचा हिस्सा कोण उचलणार.

रातपाळी
भट्टी रात्री स्वस्त दरात चालवायची आणि सोलार दुपारी. जमायचं कसं?

सोलार_फिटर
दुपारचं सोलार कंप्रेसर, सँड प्लँट, शॉट ब्लास्ट, मशीन शॉपला. भट्टीला धरून त्याची साइझिंग करूच नका.

रातपाळी
कंप्रेसरचं नाव निघालं म्हणून. रविवारी सगळं बंद असताना कंप्रेसर एकटा चालू करा. लोडवर किती सेकंद, अनलोडवर किती, हे सलग पाच-सहा फेऱ्या लिहा. लोडच्या वेळेला एकूण वेळेनं भागा, ती तुमची गळती. १० टक्के ठीक. ३० च्या वर असेल तर सोलारवाल्याला परत पाठवा आणि आधी होजचे क्लॅम्प बदला. प्रेशर ७ बारवरून ६ वर आणलं तर वीज ६-७ टक्के वाचते, फक्त लांबच्या टोकाचं ग्राइंडर चालतं का बघून. कपड्यावरची धूळ हवेच्या नळीनं उडवणं बंद करा.

पाचट_चिकोडी
तुमचं लोखंड झालं असेल तर जरा उसाकडं या. जिल्ह्यात खासगी कारखाने एवढे, आणि हवामानाचं नाव काढलं की इथेनॉलचा फ्लेक्स लावतात. खरा माल मळीच्या, म्हणजे रस गाळून उरणाऱ्या प्रेसमडच्या, ढिगात आहे. १०० टन ऊस गाळला की २८-३० टन बगॅस (चिपाड) आणि ३-४ टन प्रेसमड निघतो. साधारण २५ टन प्रेसमडपासून एक टन सीबीजी (दाबलेला बायोगॅस) होतो. ५००० टन गाळपाच्या कारखान्याला दिवसाला ६ ते ८ टन गॅस निघू शकतो.

अडचण अशी की हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि डायजेस्टरला (गॅस तयार करणाऱ्या टाकीला) बारा महिने खायला लागतं. प्रेसमड उघड्यावर साठवला की आपोआप तापतो आणि त्यातलं गॅस देणारं द्रव्य आधीच कुजून जातं. एप्रिलचा ढीग ऑगस्टमध्ये टाकून जुन्याच आकड्याचा गॅस मागायचा, म्हणजे झालंच. दाबून, वरून ताडपत्रीनं हवाबंद करून ठेवावा लागतो. वाळू तळाला बसून टाकीची जागा खाते ते वेगळंच. हायड्रोजन सल्फाइड काढला नाही तर कंप्रेसरचे भाग खाऊन टाकतो.

घटप्रभा
आणि शेतात पाचट पेटवतात त्याचं काय? हेक्टरी आठ-दहा टन जळतं. कारखाना इथेनॉलवर शाबासकी घेतो आणि तोडणीला सोपं जातं म्हणून फड पेटवलेला ऊसही घेतो. खोडव्यात पाचट सरीत दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट, १० किलो कुजवणारं कल्चर टाकलं की काम होतं. बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि त्यावरचं पाचट बाजूला सारायचं, नाहीतर फुटवे पिवळे पडतात. कारखान्यानं कल्चर आणि कुट्टीचं यंत्र गटागटानं दिलं तर शेतकरी काडी लावणार नाही. २०१९ ला पाणी शिवारात आलं तेव्हा कारखान्याच्या गेटवरून पण गेलं की.

गुळाची_ढेप
धागा भट्टीतून निघाला आणि फडात शिरला. आता वडगावच्या साडीच्या मागवाल्यांनी यायचं तेवढं बाकी.

वडगाव_साडी
आलो. आमच्याकडं कुणी शीट पाठवत नाही, कारण आमचा माल घेणारा लिस्टेड नाही. कायदा आणि गिऱ्हाईक या दोघांपैकी एकानं तरी विचारल्याशिवाय कोण काही करत नसतं, एवढं नोंदवून ठेवा.

हिशेबनीस
वडगाव_साडींनी नेमकं बोट ठेवलं. २०१२ पासूनची पॅट योजना (ऊर्जाबचतीच्या लक्ष्यांची) सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम अशा बड्यांना. २०२३ ची कार्बन क्रेडिटची योजनाही तिथूनच सुरू. फाउंड्री त्या चाळणीतून खाली पडते. मग दबाव उरला गिऱ्हाइकाचा, आणि गिऱ्हाईक एकीकडं कार्बनची शीट पाठवतो, दुसरीकडं दर वर्षी भाव कमी करून मागतो. दोन्ही मेल एकाच परचेसवाल्याकडून.

करारात मागण्यासारखं आहे ते हे: दोन-तीन वर्षांचं व्हॉल्यूम लिहून द्या, म्हणजे बँक भट्टीला कर्ज देईल. यील्ड सुधारल्याची बचत पहिली दोन वर्षं आमची, मग वाटून घेऊ. आणि रायझर कमी करायला डिझाइनमध्ये रेडियस वाढवायची परवानगी पंधरा दिवसांत द्या, वर्ष लावू नका. तिसरी मागणी सगळ्यात स्वस्त आणि तीच मिळत नाही.

कर्जाचं म्हणाल तर बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) ॲडिटी योजना २०२५ मध्ये आली, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के, मध्यमला ३ टक्के सूट. याआधी बीईई, युनिडो आणि जीईएफच्या प्रकल्पात फाउंड्रीसाठी बेळगाव, कोईमतूर, इंदूर निवडले होते. पण कुठल्याही योजनेत आधीचा आणि नंतरचा वापर दाखवावा लागतो. आधीचं रीडिंग नसेल तर बचत कशाच्या तुलनेत दाखवणार?

हिरवा_कंदील
म्हणजे फिरून मीटरवरच आलो.

उद्यमबागकर
आलोच. कोल्हापुरी_मोल्डर यांचा पिगचा मुद्दा धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता, बहुतेकांच्या शीटमध्ये तो रकाना कोराच जातो. शेगडींशी अर्धा सहमत: ग्रे आयर्नवाल्यानं केवळ कार्बनसाठी आज इंडक्शन घेऊ नये, आधी डीबीसी आणि वजनकाटा. खर्चाबाबत हिशेबनीसांचा करार मला पटतो. झाकण, लॅडल, गळती आपल्या खिशातून, कारण ते आपल्याच बिलात परत येतं. भट्टी बदलायची असेल तर व्हॉल्यूम लिहून घेतल्याशिवाय नाही.

रातपाळी
मीटर कुठला घ्यायचा ते सांगा की. ३५० किलोवॅटची भट्टी आहे.

चार्जमन_अनगोळ
४१५ व्होल्टवर पूर्ण लोडला ५१५ अँपियरच्या आसपास ओढेल. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) ८००/५, क्लास ०.५. मीटर हार्मोनिक्स असताना खरं आरएमएस मोजणारा घ्या, साधा नको. सीटी पॉवर पॅकच्या इनपुटला, कॉइलच्या बाजूला नव्हे, तिकडं फ्रिक्वेन्सी वेगळी असते. बसवल्यावर मीटरमध्ये रेशो भरायला विसरू नका. ५/५ राहिला तर १६० पट कमी दाखवेल आणि मालक खूश होईल. एक फेज उलटा बसला तर रीडिंग तिसऱ्या हिश्शावर येतं, तेही बघा.

हीट नंबर, चार्ज वजन, सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, टॅपिंग तापमान, होल्डची मिनिटं. सहा रकाने, भट्टीच्या खांबावर पाटी टांगून, खडूनं.

रातपाळी
खडू कंपनीचा की गिऱ्हाइकाचा?